चावीचा कॅमेरा आणि वाटीभर मटकी: बोलेक्सवर सात महिने

शिकागोत फिल्म आणि व्हिडिओची पदवी करायला आले, तर पहिल्या सत्रात डिजिटल कॅमेरा मिळालाच नाही. कॉलेजच्या सामानखोलीतून हातात आला बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स: स्विस बनावटीचा, १६ एमएमचा, चावीवर चालणारा. गेले सात महिने पाळीपाळीने तो माझ्याकडे असतो.

याला बॅटरी लागत नाही. चावी पूर्ण भरली की सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने साधारण २८ सेकंद चालतो, मग पुन्हा चावी द्यायची. १०० फुटांचा रोल पावणेतीन मिनिटांत संपतो. धुलाई आणि स्कॅन धरून एक रोल मला आठवड्याच्या किराण्याएवढा पडतो. फोनवर मी चहाच्या एका कपाचे चाळीस टेक घ्यायचे. इथे कप कुठे ठेवायचा, वाफ कुठल्या उजेडात दिसेल हे ठरवण्यात अर्धा तास जातो आणि टेक एकच. ही सवय मला कुठल्याच लेक्चरने लावली नसती.

रोल मंद उजेडात भरायचा. फिल्मचं टोक कापायला कॅमेऱ्यातच छोटी सुरी आहे. टोक नीट कापलं की फिल्म आपली आपण आत ओढली जाते. तो खर्र आवाज ऐकला की मला अजून हायसं वाटतं. शूटिंगच्या वेळी मात्र मोटर घरघरते, त्यामुळे संवाद यावर घेऊच नका. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून नंतर जोडायचा.

रिफ्लेक्समध्ये आतला प्रिझम थोडा उजेड डोळ्याकडे वळवतो. फिल्मपर्यंत तेवढा कमी पोचतो, म्हणून २४ फ्रेमला लाइट मीटरवर (उजेड मोजायच्या यंत्रावर) शटरचा वेग १/८० सेकंद धरायचा. जुना विकत घेणार असाल तर ५० मिमीपेक्षा छोट्या लेन्सवर आरएक्स (म्हणजे रिफ्लेक्ससाठी बनवलेली) अशी खूण आहे का ते आधी बघा, नाहीतर फोकस मऊ येतो.

याची एकेक फ्रेम घेण्याची सोय माझी सगळ्यात लाडकी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ फ्रेमफ्रेमने टिपली आणि ती दाखवून सिनेमासाठी भांडवल उभं केलं. सत्राच्या प्रकल्पाला मला तेच करून बघायचं होतं. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून मटकी आणली, भिजवली, ओल्या फडक्यावर पसरून वाटी रेडिएटरजवळ ठेवली. पडदे बंद, टेबललॅम्प कायम चालू. तीन दिवस दर अर्ध्या तासाला एक फ्रेम. रात्रीची पाळी रूममेटने वाटून घेतली. १४४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर ६ सेकंद.

ट्राय-एक्स रिव्हर्सल (उजेड लागेल तिथे पांढरी होणारी कृष्णधवल फिल्म) धुऊन आली ती दूध सांडल्यासारखी पांढरट. डोळा लावलेला नसताना आयपीसची (डोळा लावून बघायच्या भिंगाची) झडप बंद करायची असते, ती मी तिन्ही दिवस उघडी ठेवली होती आणि लॅम्पचा उजेड मागून आत शिरला होता. त्या संध्याकाळी रडले. शिक्षिकेने स्कॅन शांतपणे बघितला आणि नवा रोल काढून दिला.

दुसऱ्या खेपेला झडपेवर लाल चिकटपट्टीची खूण केली, दर फ्रेमनंतर चावी भरत राहिले. चौथ्या सेकंदाला डावीकडचा एक दाणा कुशीवर वळतो, त्याचं साल फाटतं आणि मोड बाहेर येऊन शेजारच्या दाण्याला टेकतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने पाच वेळा परत लावायला सांगितलं.