कुत्र्याचे उन्हाळी बूट : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, आणि साईज घ्यायच्या आधी पंजा नीट बघा

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना कुत्र्याला बूट कशाला लागतात हे समजावायला नको. नवतप्यात तर सकाळी नऊलाच डांबरी रोडवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवत नाही, आणि आपल्याला जे टेकवत नाही त्यावर कुत्र्याने अर्धा किलोमीटर चालावं असं कसं म्हणणार. पंजाखालची गादी जाड असते, वरून खरखरीत, आत चरबीचा थर, म्हणून लोक म्हणतात त्यांना काही होत नाही. होतं हो. फोड येतात, गादीची सालं निघतात, आणि ती जखम भरायला खूप वेळ लागतो कारण प्रत्येक पावलाला सगळं वजन तिच्यावरच पडतं.

तर आमच्या गंप्यासाठी ऑनलाइन चार बुटांचा सेट मागवला, साडेआठशे रुपये, रबरी सोल, वर जाळीचं कापड, एक व्हेलक्रोचा पट्टा. गंप्या देशी आहे, वीसेक किलोचा, लांब बारीक पाय आणि अरुंद पंजे.

आधी चांगलं सांगते. सोल खरंच छान आहे. पातळ आहे, वाकतो, आणि तरी उष्णता आत येऊ देत नाही. मी बूट काढल्या काढल्या गादीला हात लावून बघायचे, गरम नसायची. फरशीवरही घसरत नाही. या पैशात एवढा सोल मिळाला यात मी समाधानी आहे.

पण बाकीचा बूट ज्याने डिझाइन केलाय त्याने कुत्र्याचा पाय हातात घेऊन बघितलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कुत्रा आपल्यासारखा टाच टेकवून चालत नाही, तो बोटांवर चालतो. मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो आणि ज्याला सगळे गुडघा म्हणतात तो त्याचा घोटा आहे, गुडघा वर पोटाजवळ असतो. पुढच्या पायातही खाली जो सांधा दिसतो ते मनगट. म्हणजे बूट आपण पायात नाही, बोटांवर चढवतोय. आता पट्टा कुठे येणार? पुढच्या पायात मनगट आणि बोटं यांच्या मधे जी थोडीशी जागा असते तिथे. आणि नेमकं तिथेच आतल्या बाजूला ते वरचं पाचवं नख असतं, ड्यूक्लॉ. आपला अंगठा असतो तेच ते, पुढच्या पायात त्याला आत हाड असतं, स्नायूबंधही असतात, पळताना वळताना कुत्रा ते जमिनीला लावतो. या बुटाचा पट्टा बरोब्बर त्यावर बसतो. थोडा घट्ट केला की नख कातडीत रुततं, सैल केला की बूट गोल फिरून सोल वर आणि जाळी खाली. शिवाय मनगटाच्या मागे एक छोटी सुटी गादी असते, उतारावर थांबताना ब्रेकसारखी कामी येते, तिला बुटाची मागची कड घासते. गंप्याच्या तिथे लाल झालं होतं. मी आता आत मऊ सुती मोजा घालून मगच बूट चढवते, तेव्हापासून ठीक आहे.

दुसरा मोठा प्रॉब्लेम म्हणजे चारही बूट एकाच साईजचे. कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, डोकं, मान, छाती सगळं तिकडेच ना, आणि त्याला गळ्याजवळचं हाड नसल्यासारखंच असतं त्यामुळे पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात आणि जमिनीचा सगळा धक्का तेच स्नायू पितात. म्हणून पुढचे पंजे रुंद आणि गोल, मागचे निमुळते. पुढच्याला बसेल ते मागे सैल होणारच. मागचे बूट दर वॉकला एक तरी गळून पडतो, तलावाच्या रस्त्यावर मागे जाऊन शोधत बसावं लागतं. विकणाऱ्यांनी दोन-दोनच्या जोड्या वेगळ्या साईजमध्ये द्याव्यात, एवढी एक गोष्ट केली तरी मी याला पाच स्टार देईन.

साईज चार्टवर पंजाची रुंदी मोजा एवढंच लिहिलंय, कशी ते नाही. कुत्र्याला कागदावर उभं करा, ज्या पायाचं माप घ्यायचं त्याच्या जोडीचा दुसरा पाय हलकेच उचला म्हणजे वजन त्या पंजावर येऊन बोटं पसरतात, मग दोन्ही बाजूंना पेनने खूण करा. बसलेल्या कुत्र्याचं माप घेतलं तर हमखास लहान येतं. आणि माप घ्यायच्या आधी नखं कापलेली हवीत, कारण मांजरासारखी ती आत जात नाहीत, लांब नख बुटाच्या टोकाला लागून बोट मागे दाबलं जातं. कापताना आतली रक्ताची शीर सांभाळा, काळ्या नखात ती दिसत नाही म्हणून थोडं थोडंच कापायचं.

वापरायचं कसं तर रस्ता ओलांडण्यापुरतं, फार तर पंधरा-वीस मिनिटं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांना. शरीर थंड ठेवायचं खरं काम तो धापा टाकून करतो, पण बुटात पंजे ओले राहिले की बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, बुरशी येते. घरी आलं की लगेच बूट काढा, बोटं फाकवून पुसा आणि तेवढ्यात गोचीड, कुसळ काही आहे का तेही बघून घ्या. कुसळ एकदा कातडीत शिरलं की आत आतच जातं आणि गाठ होते. पावसाळ्यात हे बूट मी अजिबात सुचवणार नाही, जाळी भिजते आणि वाळता वाळत नाही.

माझी मावसबहीण कॅनडात असते, तिच्याकडे हेच बूट हिवाळ्यात लागतात. तिथे बर्फापेक्षा रस्त्यावर टाकलेलं मीठ जास्त त्रास देतं. गार जमिनीची सोय कुत्र्याच्या पंजात आहे, आत येणाऱ्या गरम रक्ताची रोहिणी आणि परत जाणाऱ्या गार रक्ताच्या शिरा इतक्या चिकटून असतात की एकीची ऊब दुसरीला मिळते आणि थंड रक्त तसंच शरीरात परत जात नाही. मिठावर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

माझे स्टार साडेतीन. लॅब्रेडॉरसारखा रुंद पंजा असेल तर कदाचित चार, देशी किंवा सडपातळ पायाचा असेल तर दोन वेगवेगळ्या साईजचे सेट घेऊन शेजाऱ्यांसोबत वाटून घ्या, आम्ही तसंच केलंय. डांबर तापायच्या आत फिरवून आणणं जमत असेल तर बुटांची गरजच नाही. ज्यांना नाही जमत, किंवा पंजाला जखम आहे आणि पट्टी स्वच्छ ठेवायचीये, त्यांनी घ्यावेत. रिटर्न करायचा असेल तर घरातल्या फरशीवरच घालून बघा, सोलला रस्त्याची माती लागली की विकणारा परत घेत नाही.