चाकणची मोठी कंपनी की भोसरीतला छोटा व्हेंडर? डिप्लोमावाल्यांसाठी

मेकॅनिकल डिप्लोमा झालेली पोरं विचारतात, चाकणची मोठी कंपनी घेऊ की भोसरीतला ४०-५० माणसांचा व्हेंडर, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट बनवून देणारा. मी आधी ४ वर्षं मोठीकडे काढली, आता ६ वर्षं छोटीकडे आहे, त्यामुळे जे बघितलं तेवढंच सांगतो.

पगार, बस, कॅन्टीन यात मोठीच पुढे, वादच नाही. ट्रेनिंगही तिथं शिस्तीत होतं. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), पीपीएपी (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं), ऑडिटचे कागद हे सगळं मी तिथंच शिकलो आणि आजही रोज कामाला येतं. छोटीकडे ट्रेनिंग म्हणजे टूलरूमच्या (जिथं डाय, फिक्स्चर बनतात) जुन्या काकांशेजारी उभं राहायचं, काकांनी मनावर घेतलं तर सोनं, नाहीतर वर्ष गेलं.

पण मला खटकलं ते वेगळंच. मी फायनल इन्स्पेक्शनला होतो, तीन वर्षं तेच गेज (माप तपासायचं साधन) नि तेच चार पार्ट. टूलरूमला जागा निघाली की आतल्या माणसांना अर्ज करता यायचा, पण त्यावर आपल्याच साहेबांची सही लागायची आणि साहेब म्हणायचे तू गेलास तर लाइन कोण बघणार, पुढच्या वेळी बघू. दोनदा झालं हे. म्हणजे काम चोख केलं म्हणूनच अडकलो, आणि अप्रायझलमध्ये त्याच साहेबांनी लिहिलं, इतर कामाचा अनुभव कमी. फार लागलं ते मनाला.

भोसरीत पहिल्याच महिन्यात व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर गावी गेला तर मालकांनी मलाच मशीनवर घेतलं, सहा महिन्यांनी फिक्स्चरचं (मशीनवर पार्ट पकडून ठेवायचं साधन) ड्रॉइंग, वर्षाच्या आत रिजेक्शन आलं, म्हणजे पार्ट नापास झाले, की कस्टमरकडे मीच. मालक रोज शॉपवर फिरतात, कोणाला काय येतं ते त्यांना डोळ्यांनी दिसतं.

तोटे आहेतच, पगार कधी १२ तारखेला होतो आणि मॅनेजरच्या वर जागाच नाही, तिथं घरचेच लोक. २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ बंधनकारक नसतो, ते आधी विचारून घ्या.

घरी कर्जाचा हप्ता असेल तर मोठीच घ्या, मी अडवणार नाही. पण वय २१-२२ आणि जबाबदारी कमी असेल तर मला तरी छोटी बरी वाटते. मोठीकडे गेलात तर इंटरव्ह्यूत एवढं विचारा, डिपार्टमेंट बदलायला कोणाची सही लागते. आणि छोटीकडे हो म्हणायच्या आधी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोडून कधीतरी शॉपवर चक्कर मारा, मालक मशीनपाशी दिसतात की नुसते केबिनमध्ये, ते बघून या.