एचडीएमआय स्विच: दोनदा माती खाल्ली, तिसऱ्यांदा जमलं

आमच्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच केबलने आणणारी खाच) तीन. त्यातला एआरसीवाला (टीव्हीचा आवाज उलटा बाहेर पाठवणारा) साउंडबारने कायमचा बळकावलेला, म्हणजे उरले दोन. आणि जोडायच्या वस्तू चार: पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल), माझा जुना पीएस३ (डिस्क ढीगभर आहेत, टाकवत नाहीत), पोराला त्याच्या काकाने दुबईहून आणलेला निन्टेन्डो स्विच (हातात धरूनही खेळता येणारा कन्सोल) आणि आईचा सेटटॉप बॉक्स. टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसवलाय की मागे हात घातला की मनगट खरवडून निघतं, पोर्ट दिसत तर नाहीच, बोटांनी चाचपत बसायचं आणि सापडला की कळतं पिन उलटी धरलीय. वर्षभर हेच चाललं होतं, एक काढा एक लावा. मग एक दिवस पिन ओढताना पोर्टच हलल्यासारखा वाटला आणि पोटात गोळा आला, म्हणलं आता बास, सगळ्या वस्तू एका पोर्टवर आणणारा स्विच बॉक्स आणायचा.

पहिल्यांदा पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदाराने आधी स्प्लिटर काढून ठेवला समोर. इथेच बरेच जण फसतात म्हणून सांगतो, स्प्लिटर म्हणजे एक डिव्हाइस आणि दोन टीव्ही, आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलटं, अनेक डिव्हाइस आणि एक टीव्ही. समजावून सांगितल्यावर त्याने एक छोटी डबी दिली, वर एक बटण, पॉवर नाही काही नाही, दोन्हीकडून चालते म्हणे, ३५० रुपये. "साहेब, फोरके आहे, सगळं चालतं याच्यावर." बॉक्सवर फोरके (म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र) छापलेलं होतंच, तो खोटं बोलत नव्हता.

घरी येऊन पीएस३ लावला, मस्त. निन्टेन्डो लावला, मस्त. पीएस५ लावला आणि दर पाच-सात मिनिटांनी स्क्रीन दोन सेकंद काळी, मग परत चित्र, मग एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) चालू केल्यावर तर थेट नो सिग्नल. मला वाटलं केबल, केबल बदलली, तेच. मग जरा वाचल्यावर ट्यूब पेटली की नुसतं "फोरके" या शब्दाला काही अर्थ नाही, फोरके सेकंदाला किती फ्रेमला, म्हणजे किती हर्ट्झला, ते बघायचं असतं. जुन्या एचडीएमआय १.४ आवृत्तीमधून १०.२ जीबीपीएस (सेकंदाला इतके गिगाबिट डेटा) जातं, त्यात फोरके बसतं पण ३० हर्ट्झला. फोरके ६० पाहिजे तर २.० म्हणजे १८ जीबीपीएस. आणि १२० हर्ट्झच्या टीव्हीवर फोरके १२० खेळायचं असेल तर २.१, तो ४८ पर्यंत जातो (पीएस५ स्वतः ३२ च्या पुढे जातच नाही, पण १८ त्याला पुरत नाही हे नक्की). पीएस३ आणि जुना निन्टेन्डो स्विच दोघंही १०८०पी (फुल एचडी) च्या वर जात नाहीत, म्हणून ते त्या ३५० च्या डबीवर खुशीत होते. तुमच्याकडे असलेच दोन जुने कन्सोल असतील तर खरं सांगतो, तीच डबी घ्या, जास्त पैसे घालवू नका. पण निन्टेन्डो स्विच २ असेल तर त्याचा डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) फोरके ६० देतो, मग नाही पुरणार.

दुसऱ्यांदा ऑनलाइन मागवला, पाच पोर्टचा, रिमोटवाला, साधारण हजाराचा. यात सगळं होतं, १८ जीबीपीएस होतं, एचडीआर होतं, आणि एक भारी फीचर होतं ऑटो स्विचिंग. म्हणजे जे डिव्हाइस चालू होईल त्याच्यावर हा आपोआप उडी मारणार. ऐकायला किती छान. चारही वस्तू त्यालाच जोडल्या, टीव्हीच्या मागे एकच केबल, मी खूश.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईची सिरीयल चालू, कुणाचं तरी लग्न मोडायची वेळ आलेली, आणि पोरगं हॉलच्या कोपऱ्यात निन्टेन्डो हातात घेऊन खेळत होतं. बॅटरी संपत आली म्हणून त्याने गेम चालू असतानाच तो डॉकमध्ये ठेवला. झालं. लग्नमंडप गायब आणि स्क्रीनवर मारिओ. आई म्हणाली, "अरे हा टोपीवाला कोण मधेच?" मी रिमोटने परत सेटटॉपवर आणलं, दहा मिनिटांनी पोराने चार्ज झालं का बघायला उचलून परत ठेवला, परत टोपीवाला. तो ऑटो मोड बंद करायची सोयच नव्हती त्यात. हा डबा पोर्टवर सिग्नल आला की लगेच तिकडे पळतो, आणि काही डिव्हाइस तर स्टँडबायला असताना पण केबलमध्ये ५ व्होल्टची वीज सोडून ठेवतात, मग याला वाटतं चालू आहे, आणि तुम्ही ज्यावर यायला बघताय तिथे तो टिकतच नाही. रिटर्न केला. कारणात "आई" असा ऑप्शन नव्हता म्हणून "अपेक्षेप्रमाणे नाही" निवडलं.

आता तिसरा, जो गेले आठ महिने वापरतोय. तीन इन एक आउट, मेटल बॉडी, २.० चा १८ जीबीपीएसवाला, वर बटण, बरोबर रिमोट, पॉवरला टाइप-सी, १,४५० ला पडला. आणि मुख्य म्हणजे बटण पाच सेकंद दाबून धरलं की ऑटो बंद. माझ्यासाठी ही एक गोष्ट बाकी सगळ्या छापील आकड्यांपेक्षा मोठी निघाली. घेताना मॅन्युअलचा फोटो झूम करून बघा की ऑटो बंद होतो का, नसेल लिहिलं तर नाही होत असंच धरा.

चित्र झकास आहे. माझा टीव्ही ६० हर्ट्झचाच आहे त्यामुळे पीएस५ या डबीतून फोरके ६० एचडीआर व्यवस्थित देतो, आठ महिन्यांत काळा स्क्रीन नाही. लॅग (बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलणं) येतो का असं सगळे विचारतात. नाही येत, म्हणजे मला क्रिकेट गेममध्ये टायमिंगला काही फरक जाणवला नाही, डबी सिग्नल नुसता पुढे ढकलते, लॅग असतो तो टीव्हीच्या पिक्चर प्रोसेसिंगचा, ते कमी करणारा टीव्हीचा गेम मोड चालू करा. एकावरून दुसऱ्यावर जाताना दोन-तीन सेकंद काळं होतं, टीव्ही आणि कन्सोल एकमेकांची ओळख करून घेतात तेवढा वेळ, ते चालायचंच.

या गेम मोडवरूनच मी शेवटी मांडणी बदलली. टीव्हीत पिक्चर सेटिंग पोर्टप्रमाणे सेव्ह होतं, डिव्हाइसप्रमाणे नाही. सेटटॉप आणि कन्सोल एकाच पोर्टवर असले तर गेम मोड लावला की सेटटॉप पण त्याच मोडमध्ये, आईचं म्हणणं सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात, आणि काढला की माझा शॉट लेट. म्हणून आता सेटटॉप सरळ टीव्हीला, आणि तिन्ही कन्सोल डबीला. आईचा पोर्ट आईचा. तिला स्विच बॉक्स नावाची वस्तू घरात आहे हे माहीत असायची पण गरज नाही, आणि घरात जो खेळत नाही त्याच्यासाठी हेच बरोबर आहे. ज्यांचा टीव्ही १२० हर्ट्झचा आहे त्यांनी मात्र पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स सरळ टीव्हीला लावा आणि जुनं काय ते डबीत टाका. २.१ चे स्विच मिळतात पण दुप्पट-तिप्पट पैसे, आणि वर केबलपण अल्ट्रा हाय स्पीडवाली, क्यूआर कोडचं लेबल असलेली घ्यावी लागते. साउंडबारची एआरसी केबल तर डबीतून फिरवूच नका, आवाज बहुतेक डब्यांतून उलटा जात नाही.

आता तक्रारी. सुरुवातीला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून दिली होती, टीव्ही बंद केला की डबी पण मरायची आणि परत चालू झाली की कायम पोर्ट १ वर. मोबाईलचा जुना चार्जर लावला, प्रश्न मिटला. निळा लाइट एवढा डोळ्यात जातो की रात्री विमानतळ वाटतं, काळी इन्सुलेशन टेप मारली. वजनाला इतकी हलकी की एचडीएमआयच्या जाड केबलींनी ती उचललीच, टीव्ही युनिटवर न टेकता हवेत तिरकी तरंगत होती आणि बटण दाबायला गेलं की मागे पळायची. दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून बसवली. आणि कंट्रोलर चालू केल्यावर टीव्ही आपोआप पीएस५ वर यायचा ते सीईसी आता कधी चालतं कधी नाही, मी सोडून दिलंय.

एका मित्राने विचारलं पीएस२ पण जोडता येईल का यात. नाही, ती लाल-पांढरी-पिवळी पिन, तिचा मार्गच वेगळा. दोनशे-अडीचशेला एव्ही सिलेक्टर मिळतो खटक्यांचा, तो अजूनही बेस्ट, पण नव्या टीव्हीला एव्ही इनपुट आहे का ते आधी बघ म्हणलं, कन्व्हर्टर लावलास तर चित्र ताणलं जाईल आणि लॅग पण येईल. त्यावरून आठवलं, लहानपणी पिवळ्या कॅसेटच्या टीव्ही गेमबरोबर एक डबी यायची, अँटेनाची वायर एका बाजूला, गेमची दुसऱ्या बाजूला, मधे सरकवायचा खटका, टीव्ही किंवा गेम. बाबा बातम्या लावायला खटका सरकवायचे आणि आमचं काँट्रा गेलं. ऑटो वगैरे भानगडच नव्हती.

बाकी रिमोट. काडेपेटीपेक्षा लहान आहे, नाण्याएवढा सेल आहे, आणि गेले तीन आठवडे सोफ्यात कुठेतरी आहे. उठून बटण दाबतोय.