आठ महिने वेस्नॉथ: भर दुपारी लढायला येणारा कॉम्प्युटर

मागच्या नवतप्यात सुरुवात झाली. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, कूलरसमोर खाट ओढून पडले होते. भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'बॅटल फॉर वेस्नॉथ' टाकून दिला. "मावशी, फुकट आहे, खेळून तर बघ." फुकट आहे हे खरंच. २००३ मध्ये डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला आणि पुढे स्वयंसेवकांनी वाढवलेला गेम आहे. एल्फ, ऑर्क नावाचे राक्षस, बुटके, मुडदे असा सगळा काल्पनिक मसाला. षटकोनी घरांचा नकाशा, एकदा आपली पाळी, एकदा समोरच्याची. ग्राफिक्स, संगीत यांवर लिहीत नाही, ते ठीक आहे. मला सांगायचंय ते समोर बसणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल, कारण आठ महिने माझी संगत त्याच्याशीच आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या खेळात सहा पाळ्यांचा एक दिवस असतो. उजेडात माणसांच्या फौजेचा मार २५ टक्क्यांनी वाढतो, ऑर्कांचा तेवढाच घटतो. रात्री उलटं. साध्या ऑर्क शिपायाचा घाव ९ चा. तोच रात्री ११ चा बसतो आणि दिवसा ७ चा. म्हणजे शहाण्या ऑर्कने काय करावं? दिवसभर मागे दबून राहावं आणि अंधार पडला की तुटून पडावं. आमचा कॉम्प्युटर काय करतो? निघाला की निघाला. पोहोचायची वेळ दुपारची असली तर दुपारी. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा न बांधता दोन वाजता बर्डीच्या बाजारात खरेदीला निघालेला माणूस जसा दिसेल, अगदी तसे ते ऑर्क दिसतात. पहिल्या महिन्यात मी हसायचे. नंतर कळलं की माझा अर्धा खेळ या एकाच खोडीवर उभा आहे.

दुसरी खोड हावरटपणाची. परवाचीच लढाई सांगते. माझा बुटका डोंगरावर, तिथे त्याला ७० टक्के बचाव, शंभरातले तीसच घाव लागणार. त्याच्या बाजूला मी जाणूनबुजून जादूगार उघडा ठेवला. जादूगार महाग, वीस सोन्याचा, आणि अंगात दम नाही. त्याच्यासमोरचं एकच घर रिकामं होतं आणि ते नदीतलं. उथळ पाण्यात ऑर्कचा बचाव फक्त २० टक्के. माणूस असता तर म्हणाला असता, काहीतरी गडबड आहे. हा थेट पाण्यात उतरला, जादूगाराला दोन तडाखे दिले आणि तिथेच उभा राहिला. सकाळ झाली. माझ्या दोन भालेकऱ्यांचे प्रत्येकी तीन वार, उजेडाचे म्हणून नऊ-नऊचे, दहातले आठ लागणारे. ऑर्कचा जीव ३८. पाच वारांत आटोपला.

तिसरी खोड त्यांच्या सरदाराची. किल्ल्यात बसून फौज उभी करायची सोडून जवळचं एखादं गाव घ्यायला स्वतःच बाहेर येतो. नव्या आवृत्तीत कॉम्प्युटर बराच सुधारलाय, जखमी शिपाई मागे घेतो, विषारी हत्यारं नीट वापरतो. पण सरदाराचा मोह काही पूर्ण गेला नाही.

आता प्रश्न असा की इतका खुळा गडी समोर असताना मजा कशी येते? भाच्याला हेच पटत नव्हतं. २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हापासून तो फोनवर बुद्धिबळ खेळतो. त्याची तक्रार वेगळी: पूर्ण ताकदीचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, जिंकू देत नाही, आणि सोपी पातळी लावली तर दहा चाली उस्तादासारख्या खेळून अकरावीला उगाच वजीर देऊन टाकतं. ती चूक त्याची वाटतच नाही, आपल्याला दिलेली भीक वाटते. वेस्नॉथचा ऑर्क भीक घालत नाही. तो चुकतो ते हावेपोटी, आणि ती हाव आपण ओळखून वापरायची असते.

मग भाच्याने एक प्रयोग केला. कॉम्प्युटर किती आक्रमक असावा याचा एक आकडा असतो, मुळात ०.४. लढाईच्या फाईलमध्ये त्याने तो १ केला. मग कॉम्प्युटर स्वतःच्या नुकसानीचा विचारच करत नाही. फौज लाटेसारखी आली आणि तशीच संपली. मग ० केला, म्हणजे स्वतःचं नुकसान माझ्या नुकसानीइतकंच मोजणार. आता गडी हिशेबी झाला, हल्ल्याआधी थबकायला लागला. मी कंटाळले! दिवसभर मी हिशेबच करते हो, रात्री समोर दुसरा अकाउंटंट कशाला? आकडा परत ०.४ वर.

तुलनेसाठी १९९९ चा 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा गेम पुन्हा काढला. तिथे सगळ्यात अवघड पातळीवर आपल्याला सुरुवातीला काहीच मिळत नाही, ना सोनं ना लाकूड. म्हणजे समोरच्याला अक्कल वाढवून देण्याऐवजी आपला खिसा रिकामा. आणि हरायला लागला की त्याचा हिरो, म्हणजे फौजेचा म्होरक्या, पळून जातो, काही दिवसांनी मूठभर शिपाई घेऊन माझ्या खाणीवर झेंडा लावायला हजर. एका शनिवारी मी अशा एका हिरोच्या मागे दीड तास धावले. वेस्नॉथमध्ये मेलेला मेला, हे मला बरं वाटतं.

नशिबाबद्दल रडणारे पुष्कळ भेटतील. जादूगाराचा वार नेहमी ७० टक्के लागतो, आणि माझे तीनही वार हुकलेत. हिशेब केला: शंभरात २.७ वेळा होणारच. तरी त्या रात्री लॅपटॉप आपटून बंद केला. गेम बनवणारे सिड मायर यांनी २०१० मध्ये एका भाषणात सांगितलं होतं की तिनास एक अशी बाजू असली की खेळणाऱ्याला जिंकण्याची खात्रीच वाटते, हरला की खेळ खोटा वाटतो. मी त्याच जातीची.

सध्या थंडी आहे, कूलर गच्चीवर गेला. काल भाचा म्हणाला, आज मी ऑर्क, तू एल्फ, एकाच लॅपटॉपवर. त्याने सगळी फौज संध्याकाळपर्यंत टेकडीमागे थांबवून ठेवली. जादूगाराच्या जागी मी उपचार करणारी एल्फ उघडी ठेवली, तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाण्यात उतरत नसतो मी, मावशी," म्हणाला.

दुसऱ्या रात्री माझा सरदार पडला.