बॅकएंड डेव्हलपर की डेव्हऑप्स अभियंता : पहिली नोकरी निवडताना

अभियांत्रिकीची पदवी घेऊन हिंजवडी-खराडीत मुलाखती देणाऱ्यांपुढे हे दोन पर्याय अनेकदा एकाच वेळी येतात. बॅकएंड डेव्हलपर सॉफ्टवेअरचा अंतर्गत व्यवहार लिहितो, तर डेव्हऑप्स अभियंता तेच सॉफ्टवेअर बिल्ड होऊन (म्हणजे कोडपासून चालवता येईल असा प्रोग्रॅम तयार होऊन), चाचण्या पार करून सर्व्हरवर आपोआप पोहोचावे यासाठी पाइपलाइन, म्हणजे या पायऱ्यांची स्वयंचलित साखळी, उभारतो.

जबाबदारीचे स्वरूप मात्र बरेच वेगळे आहे. डेव्हलपरची चूक पुष्कळदा एका सुविधेपुरती राहते. डिप्लॉयमेंटमधली, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवतानाची, चूक सगळी व्यवस्था वेठीस धरू शकते. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीत आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला, त्या सर्व्हरवरचा वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांच्या चुकीच्या सौद्यांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. ते डिप्लॉयमेंट हाताने केलेले होते आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नव्हते.

शिकण्याच्या बाबतीत बॅकएंडची वाट सरळ आहे : जावासारखी एखादी भाषा आणि एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा पक्की केली की बराच काळ निभावते. डेव्हऑप्समध्ये साधने भराभर बदलतात. जेनकिन्स (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारे साधन) हे नाव २०११ चे, डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या गरजेच्या सामानासह कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे) २०१३ चे, कुबरनेटीस (असे अनेक कंटेनर सांभाळणारे) २०१४ चे. म्हणून साधनांची यादी पाठ करण्यापेक्षा लिनक्स, शेल (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची सोय) आणि नेटवर्किंगवर वेळ घालवणे शहाणपणाचे, कारण डॉकरचा कंटेनरही शेवटी लिनक्सच्याच नेमस्पेस (प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारी) आणि सीग्रुप (त्यांच्या मेमरी-प्रोसेसरच्या वापराला मर्यादा घालणारी) या सोयींवर उभा असतो.

पगाराची तुलना येथे मुद्दाम केलेली नाही, कारण ‘डेव्हऑप्स’ या पदनामाखाली काही ठिकाणी निव्वळ शिफ्टमधले सपोर्टचे काम दिले जाते. मुलाखतीतच विचारावे की मागच्या रिलीजमध्ये किती पायऱ्या हाताने कराव्या लागल्या आणि रात्री काही बंद पडले तर फोन कोणाला येतो. गुगलच्या एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग, म्हणजे सेवा विनाखंड चालू ठेवण्याच्या) पद्धतीत अशा देखभालीच्या कामाला अभियंत्याच्या निम्म्या वेळेची मर्यादा आहे. समोरची कंपनी त्याच्या कितपत जवळ जाते, हे उत्तरावरून कळते.

माझे मत असे, की नवख्याने आधी दोनेक वर्षे बॅकएंडवर काढावीत. स्वतःचा कोड बिल्डमध्ये अडकल्याचा अनुभव घेतलेल्याला पाइपलाइन कोणासाठी बांधायची, हे सांगावे लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा बंद पडलेला सर्व्हर सुरू करण्यातच ज्याचा जीव रमत होता, त्याने मात्र थेट डेव्हऑप्सकडे वळायला हरकत नाही.