लॅपटॉपवर जुना मारिओ की नवा कन्सोल?

परभणीत लहानपणी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि पिवळी कॅसेट. चालली नाही की फुंकर मारायची. (फुंकरीनं काही होत नव्हतं, काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, एवढंच.) तो डबा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल. आता तेच काम लॅपटॉपवरचा इम्युलेटर नावाचा प्रोग्राम करतो: जुन्या मशीनचा प्रोसेसर, चित्राची चिप, आवाज, सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स जेमतेम ४० केबीचा, त्यामुळं घरातला जुनाट लॅपटॉपही पुरतो.

उन्हाळ्यात लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी चालते, आणि सेव्ह स्टेटमुळं थांबलो तिथूनच पुढं. प्लेस्टेशन ५ हा नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेम मशीन, मात्र लाईटीसोबतच बंद. शिवाय नवे कित्येक गेम १०० जीबीच्या आसपास. आमच्याकडं रात्री लावलेलं डाउनलोड सकाळी बघावं तर अर्ध्यावर.

तरी दिवाळीत चुलत-मावस भावंडं जमली की कन्सोलच बरा. प्लग लावला की फुटबॉल सुरू, आरडाओरडा सुरू. इम्युलेटरवर बटणं नेमण्यातच वेळ जातो, तोवर धाकटे कंटाळून अंगणात पळतात.

इम्युलेटर वापरणं वेगळं, पण गेमची फाईल कुठूनही उतरवून घेणं म्हणजे कॉपीराइटचा भंग, हे आपल्याकडं कुणी मनावर घेत नाही. आणि डक हंट या बदकं मारायच्या जुन्या गेमची ती टीव्हीवर रोखायची बंदूक! तिला जुन्या पिक्चर ट्यूबचाच टीव्ही लागतो. माऊसनं बदकं मारण्यात कसली आलीय मजा?