जिप्सीतला रोल केज: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

काटोलजवळच्या आमच्या शेतावर असलेल्या मारुती जिप्सीला मी यंदाच्या जानेवारीत नागपुरात रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारा पोलादी पाईपचा सांगाडा, करवून घेतला. त्यानंतर विदर्भाचा पूर्ण उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे दिवस ही गाडी त्या केजसह चालली आहे. या कामात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे पाईप किती जाड घ्यावा. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर मला असे ठामपणे वाटते की त्याआधी केजचे पाय गाडीला कुठे आणि कसे टेकणार आहेत हे विचारले पाहिजे.

ही गाडी आता सार्वजनिक रस्त्यावर येत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ती शेतात, नाल्याकाठच्या खासगी जमिनीत आणि आखलेल्या ट्रॅकवरच चालते. दूर न्यायची झाली तर ट्रेलरवर चढवून नेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. दुसरे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते. डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी पाईप असताना हेल्मेट न घालता रोज बाजारात जाणे हा केजशिवाय गाडी चालवण्यापेक्षा मोठा धोका आहे, कारण साध्या धडकेतही डोके त्या पाईपवर आदळू शकते.

पाईपबद्दल आता थोडे. नागपुरात रोल केज म्हणून जे बसवले जाते त्यातले बरेचसे काम पाण्याच्या पाईपचे असते. दुकानात ‘चाळीस एनबी, बी क्लास’ असे मागितले की मिळणारा, बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाचा पाईप. तो स्वस्त असतो, कुठेही मिळतो आणि दिसायला भारदस्त वाटतो. परंतु तो पाणी वाहून नेण्यासाठी बनलेला असतो आणि त्यावर जस्ताचा थर असेल तर वेल्डिंग करताना त्या जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो आणि सांध्यात बारीक छिद्रे राहतात. मी एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीतील परिशिष्ट जे, कलम २५३ समोर ठेवून काम करवले. त्यानुसार मेन हूप, म्हणजे चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान, ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या, थंड ओढून काढलेल्या बिनजोड पाईपची, आणि बाकीचे भाग ३८ मिलिमीटर व्यासाच्या व तितक्याच जाडीच्या पाईपचे करता येतात. पाईप घेताना मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घेतले. शिवाय पाईपच्या तोंडात बोट फिरवून पाहिले. जोड असलेल्या पाईपच्या आतल्या बाजूला बहुधा एक उभी कड हाताला लागते, बिनजोड पाईप आतून सलग असतो.

वजनाचा हिशोबही इथेच मांडतो. ४५ चा पाईप मीटरला सुमारे २.६ किलो आणि ३८ चा सुमारे २.२ किलो भरतो. पायांखालच्या प्लेटांसह माझा केज साठ किलोच्या आसपास गेला. हाच आराखडा पाण्याच्या पाईपमध्ये केला असता तर मीटरला साडेतीन किलोंहून अधिक या दराने तो नव्वदीपर्यंत पोहोचला असता, आणि हा वाढीव तीस किलोंचा भार मोठ्या प्रमाणात छताच्या उंचीवर आला असता. जेमतेम टनभर वजनाच्या, अरुंद गाडीत गुरुत्वमध्य वर जाणे म्हणजे ज्या उलटण्यापासून वाचायचे आहे तेच जवळ आणणे होय.

खरी अडचण पाईप वाकवताना आली. बहुतेक फॅब्रिकेशनच्या दुकानांत जो हायड्रॉलिक बेंडर असतो त्याचे साचे पाण्याच्या पाईपच्या मापाचे असतात, म्हणजे ४२.४ किंवा ४८.३ मिलिमीटरचे. ४५ चा पाईप मोठ्या साच्यात घातला की बाजूंना आधार न मिळाल्यामुळे तो वळणावर चपटा होतो. हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी काम दिले त्यांनी लेथवर ४५ आणि ३८ चे स्वतंत्र साचे काढून घेतले. वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे मेन हूपसाठी १३५ मिलिमीटर हवी, आणि वळणावरचा सर्वांत लहान व्यास सर्वांत मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी नको, असा नियम आहे. आम्ही प्रत्येक वळणावर व्हर्नियर लावला आणि चाचणीच्या तुकड्यांपैकी जो या मापात बसला नाही तो बाजूला काढला. सुरकुती पडलेले वळण रंगाखाली झाकले जाते, पण गाडीचे वजन वर आले की पाईप तिथेच मोडतो.

वेल्डिंग सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणाखाली, झाले. गाडीवर हात लावण्याआधी त्याच पाईपचे दोन तुकडे काटकोनात जोडायला लावले, मग ते हॅक्सॉने उभे कापून वितळलेला धातू पाईपच्या भिंतीत कितपत उतरला आहे ते पाहिले. सांध्यासाठी पाईपचे तोंड माशाच्या तोंडासारखे गोल कापून दुसऱ्या पाईपवर अंतर न ठेवता बसले पाहिजे. फट वेल्डिंगच्या धातूने भरून काढणे मला मान्य नव्हते. आणि सांधा पूर्ण गोलाईत वेल्ड झाला पाहिजे. छताजवळचे सांधे वरच्या बाजूने अर्धवट राहतात, कारण तिथे वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही. जिप्सीचे कापडी छत आणि त्याचा सांगाडा काढता येत असल्यामुळे आम्हाला वरूनही सगळीकडे पोहोचता आले, हा या गाडीचा मोठा फायदा आहे. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याचा मोह कारागिरांना असतो. तो मी करू दिला नाही, कारण त्यात सांध्याचा धातूच कमी होतो.

आता पायांविषयी, कारण माझ्या मते सगळे काम इथे ठरते. कारखान्यातले वयस्क वेल्डर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘भाऊ, पाईप कितीही जाड घ्या, खालचा पाय कच्चा असन तं काही कामाचं नाही.’ जिप्सीची बॉडी शिडीसारख्या चॅसिसवर रबराच्या माउंटिंगांवर बसलेली असते. खडबडीत जमिनीवर चॅसिस पिळवटते आणि बॉडी तिच्यापेक्षा वेगळी हलते. केजचे पाय फ्लोअरला भोक पाडून थेट चॅसिसला वेल्ड केले तर ही हालचाल अडते आणि तिचा सगळा ताण पायाच्या वेल्डवर येतो. म्हणून चॅसिसपर्यंत जाणारे जाणते लोक मध्ये रबरी बुश घालतात. आम्ही सहाही पाय बॉडीवरच घेतले. त्यामागचा विचार असा की सीट आणि पट्टे बॉडीला लागलेले आहेत, तेव्हा माणूस आणि केज एकाच भागाशी बांधलेले राहिले पाहिजेत. मेन हूपचे दोन्ही पाय बॉडी माउंटिंगच्या शक्य तितके जवळ आणले, जेणेकरून भार पत्र्यावर न थांबता खाली चॅसिसपर्यंत पोहोचावा. नियमाप्रमाणे मेन हूपच्या आणि पुढच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची आणि ३ मिलिमीटर जाडीची प्लेट बॉडीला वेल्ड केलेली हवी आणि ८.८ प्रतीचे किमान तीन एम-८ बोल्ट हवेत. आमच्या प्लेटा त्याहून मोठ्या आहेत आणि त्यांचे कोपरे गोल केलेले आहेत, कारण टोकदार कोपऱ्यापाशीच पातळ पत्रा फाटायला सुरुवात होते.

मे महिन्यात नागपूर आणि परिसरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्या जिप्सीतला पाईप दुपारी हातात धरवत नाही. रंग पांढरा निवडला होता तो काही अंशी यासाठी आणि मुख्यतः पांढऱ्यावर बारीक तडा लगेच दिसतो म्हणून. पाईपवरचे पॅडिंग आधी डिंकाने चिकटवले होते. उन्हाने डिंक पाघळला आणि पॅडिंग फिरू लागले. ते आता केबल टायने बांधून वर जाड कॅनव्हास शिवून घेतले आहे. एसीच्या पाईपवर घालतात तो मऊ काळा फोम या कामासाठी विकला जातो, पण तो अंगठ्याने दाबला तरी पाईप लागतो. इथे बोटाने सहज न दबणारे घट्ट पॅडिंगच हवे.

जुलैत केजची परीक्षा झाली. नाल्याच्या काठावर गाडी अगदी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये, तिरपी जात असताना पावसाने भिजलेला काळ्या मातीचा काठ खालच्या चाकांखालून सरकला आणि गाडी चालकाच्या बाजूला पूर्ण आडवी झाली. वेग नसल्यामुळे सगळे स्पष्ट आठवते: उजव्या बाजूचा वरचा पाईप एका बेसाल्टच्या खडकावर टेकला, काच तडकली, आणि मी पट्ट्यांत लटकलेल्या अवस्थेत जागेवरच राहिलो. चार बिंदूंच्या पट्ट्यांचे खांद्यावरचे भाग सीटच्या मागच्या आडव्या बारवरून, आडव्या रेषेपासून थोडेच खाली उतरणारे असे घेतले आहेत. ते सरळ जमिनीकडे खेचलेले असते तर भार पाठीच्या कण्यावर आला असता. त्या क्षणी माझा उजवा हात नकळत बाहेर, जमिनीला आधार द्यायला निघाला होता आणि बाजूच्या जाळीने तो आत अडवला. दरवाजे काढून चालवणाऱ्या प्रत्येकाने ही जाळी केजइतकीच आवश्यक समजावी, असे मी कळकळीने सांगेन. ट्रॅक्टरने गाडी उभी केल्यावर पाहिले तर पाईपवर अंगठ्याएवढा खोलगट ठसा होता, सांधे जसेच्या तसे होते आणि दोरीने मापलेले दोन्ही कर्ण सारखे भरले. ठसा पडलेला पाईप मात्र तसाच ठेवला नाही. तेवढा भाग कापून नवा घातला.

पाऊस ओसरल्यावर सगळे सांधे डाय पेनिट्रंटने तपासले. लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा; तडा असेल तर त्यातून लाल रेघ वर उमटते. केजवर कुठेही रेघ आली नाही. डाव्या पुढच्या पायाजवळ मात्र, आधीच्या मालकाच्या काळातल्या पत्र्याच्या ठिगळाच्या कडेला, नखाएवढी रेघ उमटली. तिच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवली आणि ठिगळ काढून सलग पत्रा बसवला. पायांच्या प्लेटांभोवती काळी माती साचून ओल धरते, त्यामुळे पावसाळ्यात दर वापरानंतर तिथे पाण्याचा मारा करावा लागतो आणि बोल्टांचा कस पुन्हा टॉर्क पान्याने पाहावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत बोल्ट थोडे सैल पडले, नंतर नाही.

रोजच्या वापरात काय बदलले, तर विंडशील्डच्या चौकटीची थरथर स्पष्टपणे कमी झाली आणि डॅशबोर्डचा जुना करकर आवाज जवळपास गेला. त्याच वेळी आत चढताना गुडघा बाजूच्या बारवरून उचलावा लागतो. माझ्या वडिलांना आता ते जमत नाही. पुढचा पाय काचेच्या खांबाला लागून घेतला आहे तरी डाव्या वळणावर थोडा आडोसा होतो. सीट मागे सरकण्याची जागा मेन हूपने खाल्ली आहे, तेव्हा उंच चालकाने आधी गाडीत बसून, हेल्मेट घालून माप द्यावे आणि मगच पाईप कापायला सांगावे. खर्चात पाईपचा वाटा एक तृतीयांशाहून कमी निघाला. बाकी सगळे साचे, मजुरी, सीट आणि पट्टे यांत गेले.

मागच्या सीटा मी काढून टाकल्या आहेत. मेन हूपला मागून आधार देणारे दोन तिरपे पाईप उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करून खाली उतरतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे जिप्सीत मागे बसणाऱ्यांची डोकी येतात. हे पाईप काढून किंवा उभे करून मागे माणसे बसवण्याची सोय करून देणारे कारागीर आहेत. मुलांना मागे बसवून शेतावर न्यायचे असेल तर त्या गाडीत केज करवूच नये. केज दोघांच्या गाडीसाठीच करावा.